पाडव्याचं पान

करंजवाडीत पाडव्याला गुढी उभी केली की गोडाचं जेवायच्या आधी एक काम उरकायचं असतं. वाचनालयात पान पोचवायचं. पान विड्याचं नव्हे, तंबाखूचं. निपाणीच्या या टापूत माघापर्यंत तंबाखू निघते, उन्हात वाळते आणि पाडव्याच्या सुमाराला घरोघरी तिचा वास भरून राहिलेला असतो. त्यातलं एक मोठं, कुठंही न फाटलेलं पान निवडून प्रत्येक घरानं वाचनालयाला द्यायचं आणि परशरामअण्णांनी ते लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांत ठेवायचं. पान असलं की कागदाला कीड लागत नाही, यावर गावाचा इतका विश्वास की जुनं पानसुद्धा कुणी काढत नसे. त्याच्यावरच नवं ठेवायचं. काही गठ्ठ्यांत कागद जास्त की पानं जास्त, असा प्रश्न पडावा.

गठ्ठ्यांत होतं ‘करंज’. एकोणीसशे अठ्ठावन्न सालापासून तेहतीस वर्षं गावानं दर महिन्याला हातानं लिहून काढलेलं मासिक. अंक एकच निघायचा. तो वाचनालयातल्या टेबलाला सुतळीनं बांधलेला असायचा आणि ज्याला वाचायचाय त्यानं तिथं येऊन बसायचं. त्यात कविता होत्या, उसावरच्या रोगाचे उपाय होते, कुस्त्यांचे निकाल होते, कुणाच्या बैलानं कुणाचं जोंधळ्याचं रान खाल्लं त्याची बातमी होती. शेवटचं पान वाचकांसाठी कोरं सोडलेलं असायचं आणि त्यावरच्या शेऱ्यांवरून निम्म्या गावाची बोलाचाली बंद व्हायची. दुसरी प्रत कुठंच नव्हती. एखादं पान गेलं तर ते कायमचं गेलं.

परशरामअण्णा साखर कारखान्यात टाइमकीपर होते आणि आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. वाचनालयाची किल्ली त्यांच्याकडं वडिलांकडून, मारुतीरावांकडून आली होती. मारुतीराव वाचनालयाचे पहिले चिटणीस आणि गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. आपल्या घड्याळात कधी मिनिटाचा फरक पडला नाही आणि गठ्ठ्यांना कधी पान चुकलं नाही, या दोन गोष्टी अण्णा पाहुण्यांना न विचारता सांगत.

म्हणूनच संक्रांतीनंतर बेळगावहून सौम्या आली, तेव्हा अण्णांनी पहिला गठ्ठा मोठ्या ऐटीत सोडला. सौम्या तिथल्या एका कॉलेजच्या जुन्या कागदांच्या विभागात कामाला होती. ‘करंज’चे सगळे अंक कॉम्प्युटरवर उतरवून द्यावेत आणि लोखंडी कपाटं मिळावीत, असा अर्ज वाचनालयानं केला होता, तो बघायला ती आलेली. तिनं हातमोजे चढवले, सहासष्ट सालचा अंक अलगद उचलला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. अंकातून उजेड आरपार आला. टाचणीनं टोचावीत तशी बारीक गोल भोकं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

“काका, हे बघा,” ती म्हणाली. अंक ठेवला होता तिथं तांबूस पूड पडली होती.

“पान हाय की आत,” अण्णा म्हणाले. “पान असल्यावर किडा येईलच कसा?”

“पान ठेवतात हे मी पुष्कळ ठिकाणी ऐकलंय. पण किडा आहे हेही दिसतंय. तो कुठून येतो ते मी एका दिवसात कसं सांगू? इथं रोज बघायला पाहिजे.” मग तिनं नियम सांगितला, तोही जड जिभेनं. कागदात जिवंत कीड असेल तर ते जागेवर हाताळत नाहीत. सगळे गठ्ठे बेळगावला नेतात, औषधपाणी करतात आणि तिथंच ठेवतात.

“परत कधी मिळायचं?”

“जिथं कीड लागली तिथं परत पाठवत नाहीत, काका. मी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येते. तोवर काही करता आलं तर करा.”

बेळगाव काही लांब नव्हतं, पण कुस्तीचा निकाल बघायला आणि आज्याचं अक्षर बघायला करंजवाडीतलं कोण तिथं जाणार होतं? जाताना सौम्यानं काळ्या कार्डपेपरचे ताव दिले. प्रत्येक गठ्ठ्याखाली एक घाला, म्हणजे पूड कुठं जास्त पडते ते कळेल, एवढं सांगून ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अण्णा वाचनालयात हजर. नागुबाई झाडत होती. बावीस वर्षं तिनं तंबाखूच्या वखारीत काम केलं होतं आणि गेली बारा वर्षं ती वाचनालय झाडत होती. काळे ताव बघून तिनं विचारलं, “ह्ये काय वो अण्णा?”

“पूड पडतीया का बघायचं.”

“पडतीया की. मी रोज झाडतीया.”

अण्णांनी हातातले ताव खाली ठेवले. “रोज? आन् मला सांगितलं न्हाईस?”

“तुमी कुटं इचारलंसा?” नागुबाई म्हणाली आणि केरसुणी घेऊन पुढं सरकली. तिचंही बरोबर होतं. झाडणाऱ्यानं गठ्ठ्यांना हात लावायचा नाही, हा मारुतीरावांच्या काळचा नियम अण्णांनीच तिला पहिल्या दिवशी ऐकवला होता. ती बिचारी बारा वर्षं खालून पूड गोळा करत होती आणि वर काय आहे हे तिनं बघितलं नव्हतं.

अण्णांनी एक वही घातली. कारखान्यात माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा मांडायचे, तशीच आता किड्यांची हजेरी मांडायला बसले. कुठल्या सालच्या गठ्ठ्याखाली किती पूड, चिमूटभर की चमचाभर, रोज सातला. पहिले चार दिवस काळजीनं गेले. पाचव्या दिवसापासून मात्र त्यांना त्याचा नादच लागला. चोर घरातलाच आहे आणि आपल्याला दिसत नाही, या विचारानं त्यांना जेवणही गोड लागेना. त्यांची बायको माधवी म्हणाली, “पोरं ल्हान हुती तवा त्यांची उंची कदी एवड्या काळजीनं मोजली न्हाईसा.” अण्णांनी ते ऐकून घेतलं आणि भिंग शोधायला माळ्यावर चढले.

वही भरत गेली तसा एक चमत्कारिक हिशेब दिसायला लागला. बासष्ट साली गावच्या मल्लानं संकेश्वरचं मैदान मारलं होतं. त्या गठ्ठ्यावर गावाची भारी माया, पाडव्याला त्यात पाच-पाच पानं पडायची. सगळ्यात मोठा ढीग त्याच्याच खाली. ज्या गठ्ठ्यांना एखादंच पान मिळायचं, त्यांच्याखाली चिमूटभर. आणि दारावरच्या फळीवर एकटा पडलेला चौऱ्याहत्तर सालचा गठ्ठा होता, त्याच्याखालचा ताव कोरा करकरीत.

चौऱ्याहत्तरचा गठ्ठा वाळीत टाकलेला होता. त्याच्या फडक्यावर मारुतीरावांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी शिवलेली होती: ‘या गठ्ठ्यास पान देऊ नये.’ का देऊ नये, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे त्यात चावट लावणी होती, कुणी म्हणे सीमाप्रश्नावर कुणीतरी वाकडं लिहिलं होतं. अण्णा तेव्हा दहा वर्षांचे. वडिलांना विचारायची छाती नव्हती आणि पुढं विचारायचं राहून गेलं. पन्नास वर्षं तो गठ्ठा कुणी सोडला नव्हता.

अण्णांनी सौम्याला फोन लावला. वाटलं, पोरगी म्हणेल की पानाचाच दोष. पण ती सावध होती. “एकटा लांब आहे म्हणूनही वाचला असेल, काका. एवढ्यावरनं ठरवू नका. आणखी बघा.”

अण्णांचा जीव भांड्यात पडला. पानावर आळ घ्यायची त्यांचीही तयारी नव्हती. पण डोक्यात शिरलेलं बाहेर निघेना. त्यांनी लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या धुऊन उन्हात वाळवल्या. एकीत नुसते कोरे कागद घातले. दुसरीत तसेच कागद आणि आपल्या घरच्या माळ्यावरचं गेल्या सालचं एक पान, ज्यानं वाचनालयाचं तोंडही बघितलं नव्हतं. दोन्ही बरण्यांची तोंडं मलमलीच्या फडक्यानं घट्ट बांधली आणि टेबलावर ठेवली. लोक पेपर वाचायला यायचे आणि बरण्यांकडं बघून विचारायचे, “अण्णा, कसलं लोणचं घातलंय म्हणायचं?”

अकराव्या दिवशी पानाच्या बरणीत काचेवरनं काहीतरी चाललं होतं. तीळभर, तांबूस, पाठीला कुबड आलेलं. एक, मग दुसरा. कोऱ्या कागदांच्या बरणीत काही नव्हतं.

अण्णांनी नागुबाईला हाक मारली आणि भिंग तिच्या हातात दिलं. तिनं भिंग न वापरताच परत केलं. बरणीवर टिचकी मारली. किडा खाली पडला आणि मेल्यासारखा निपचित राहिला.

“ढोंगी हाय त्यो,” ती म्हणाली. “मेलेला न्हाय. जरा थांबा, चालतोय बगा.”

खरंच थोड्या वेळानं किडा चालायला लागला.

“तुला म्हाईत हाय व्हय ह्यो?”

“बावीस वरीस ह्येच्यासंगं काढली की. वखारीत ह्येच. पान जुनं झालं की ह्यो झालाच. डोळ्यांत जातोय, डब्यातल्या भाकरीत जातोय. आमच्या आईला लई राग ह्येचा.” तिनं केरसुणी उचलली. “पर गठ्ठ्यात ह्योच हाय, ह्ये मला काय ठावं? मला तर केरच दिसतोय.”

अण्णा खुर्चीवर बसले. उभं आयुष्य आपण किडा पोसत आलो, तोही दरवर्षी सणाच्या मुहूर्तावर, स्वच्छ हात धुऊन. त्यांना लाज वाटली आणि त्या लाजेतही एक प्रश्न डोकं वर काढत होता. आबांनी, म्हणजे वडिलांनी, त्याच एका गठ्ठ्याला पान का नाकारलं असेल? नागुबाई निघून गेल्यावर त्यांनी शिडी लावली आणि चौऱ्याहत्तरचा गठ्ठा खाली उतरवला.

कागद पिवळे पडले होते, पण एकही भोक नव्हतं. जानेवारी, फेब्रुवारी करत अण्णा ऑगस्टपर्यंत आले. लावणी नव्हती, सीमाप्रश्नही नव्हता. महादेव गुरुजींच्या अक्षरात दीड पानाचा मजकूर होता. वर लिहिलं होतं, ‘पानातला पाहुणा. सांगणार बायाक्का, वखारीतल्या कामगार. लिहून घेणार महादेव गुरुजी.’

‘पान कीड पळवते असे गाव म्हणते,’ बायाक्कांनी सांगितलं होतं. ‘आम्ही बारा महिने पानात बसतो, आम्हाला कुणी विचारले नाही म्हणून सांगते. दुसरे किडे पानाला भीत असतील. एक किडा भीत नाही, त्याचे घरच पानात. तो पान खातो आणि पान संपले की शेजारी जे असेल ते खातो. आमच्या मुकादमाची हजेरीची वही त्याने अशीच खाल्ली. वाचनालयातल्या वह्यांत तुम्ही पान ठेवता. मला वाचता येत नाही, पण वह्या चांगल्या आहेत असे लोक सांगतात. म्हणून म्हणते, पान काढा आणि वह्या उघडत जा. उघड्यावर त्याला करमत नाही.’

वाचकांच्या पानावर मारुतीरावांचा शेरा होता. ‘असे लिहून गावच्या मालाला नाव लागते. व्यापारी हेच वाचून दाखवतील. तरी बाईच्या म्हणण्याची परीक्षा व्हावी म्हणून या सालचा गठ्ठा बिनपानाचा वेगळा ठेवत आहे. कीड लागली की बाईचे खोटे ठरेल. पाच वर्षांनी उघडून पाहणे.’

अण्णांनी तो शेरा तीनदा वाचला. म्हणजे ही शिक्षा नव्हती, परीक्षा होती. निकाल केव्हाच लागला होता आणि पाच वर्षांनी उघडून बघायचं आबा विसरले होते, की मुद्दाम टाळलं होतं, हे आता कुणाला विचारणार? बायाक्का म्हणजे नागुबाईची आई, हे गावात कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. अण्णांनी अंक मिटला आणि गठ्ठा फडक्यात बांधला.

मधले दिवस धावपळीत गेले. सौम्यानं फोनवर उपाय सांगितला. पानं काढा, गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये हवा राहणार नाही असे बांधा आणि डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर कागदावर दव धरेल. डीप फ्रीजर करंजवाडीत कुठला? निपाणीत दिग्विजयचं आइस्क्रीमचं दुकान होतं, तो अण्णांच्या मामेभावाचा मुलगा. थंडीत त्याचे फ्रीजर निम्मे रिकामेच असायचे. त्यानं डोकं खाजवलं, पण नाही म्हटलं नाही. बत्तीस गठ्ठे दोन खेपांत कुल्फीच्या शेजारी जाऊन बसले. गिऱ्हाईकं विचारायची, ह्यो कुठला नवा फ्लेवर? दिग्विजय सांगायचा, “लई जुना हाय, पन्नास वर्षांपूर्वीचा.” गठ्ठ्यांतून निघालेल्या पानांची तीन पोती भरली. अण्णांनी ती गावाबाहेर नेऊन जाळली आणि ठसका लागून दोन दिवस आजारी पडले.

गठ्ठे पाडव्याच्या चार दिवस आधी परत आले. खालचे ताव आता कोरे राहत होते. सौम्या खूश होणार, हे उघड होतं. प्रश्न पाडव्याचा होता. लोक पानं घेऊन येणार, आणि दुसऱ्या दिवशी तपासणी. अण्णांना एक सोपी वाट दिसत होती. पानं हसत घ्यायची, मागच्या खोलीत टाकायची आणि मूग गिळून बसायचं. वडिलांचं नाव राखलं जाईल, गावाचंही मन राहील. पण आपल्यामागं किल्ली ज्याच्याकडं जाईल तो पानं परत गठ्ठ्यांत घालेल, आणि पुन्हा कुणीतरी खालून पूड झाडत बसेल. या विचारानं त्यांना दोन दिवस धड सुचेना.

पाडव्याला नऊ वाजता वाचनालयाच्या पायऱ्यांवर साठ-सत्तर माणसं होती, प्रत्येकाच्या हातात पान. नागुबाई नेहमीसारखी कोपऱ्यात केरसुणी घेऊन उभी. अण्णांनी टेबलावर बरणी ठेवली. किड्यांची संख्या आता बरीच वाढली होती. बरणी हातोहात फिरली. मग त्यांनी चौऱ्याहत्तरचा ऑगस्टचा अंक उघडला आणि बायाक्कांचं सांगणं मोठ्यानं वाचलं. वडिलांचा शेराही वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत.

“आबांनी परीक्षा लावली आन् निकाल बघितला न्हाय,” ते म्हणाले. “मी बी बघितला न्हाय. बायाक्का खरं सांगत हुत्या. पान आजपास्नं बंद.”

म्हातारा शामू उठला. त्याच्या हातातलं पान सगळ्यांत मोठं होतं. “म्हंजे आमच्या बानं एवडी वर्षं दिलं ते काय म्हणायचं?”

“मायेनं दिलं शामूतात्या. मी बी मायेनंच ठेवलं. कागद त्यानंच गेलं.”

शामूतात्यानं पान उलटसुलट करून बघितलं. “मग आता रिकाम्या हातानं घरी जायाचं व्हय पाडव्याला?”

अण्णांनी पिशवीतून दाढीचे नवे ब्रश काढले, मऊ केसांचे, दोन डझन. बायाक्कांनीच सांगितलं होतं, वह्या उघडत जा. ज्याच्या त्याच्या घरच्यांनी जे लिहिलं असेल तो अंक त्यानं घ्यावा आणि एकेक पान उलटून ब्रशनं झाडावं. आधी लोक बुजले. मग शामूतात्याला त्याच्या बापानं बासष्ट साली लिहिलेलं कुस्तीचं वर्णन सापडलं, आणि ते तो भोकांमुळं अडखळत, गळलेली अक्षरं मनानं भरत वाचायला लागला. दुपारी जेवणाची वेळ झाली तरी माणसं उठेनात. पानं पायरीवर राहिली. नागुबाईनं ती गोळा केली, झाडलोट केली आणि घरी गेली. अण्णांना तिच्याशी बोलायचं होतं, पण कसं सुरू करावं ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सौम्यानं सगळे गठ्ठे तपासले. पाच मेलेले किडे सापडले. अण्णांनी नागुबाईचा धडा लक्षात ठेवून ते पाचही अर्धा तास बशीत ठेवायला लावले. एकही हलला नाही. “पावसाळ्यानंतर पुन्हा बघायला येईन,” सौम्या म्हणाली, “पण गठ्ठे इथंच राहू देत.” अण्णांनी हात जोडले.

तिची गाडी गेल्यावर नागुबाई आत आली. तिनं नळावर कोपरापर्यंत हात धुतले होते आणि ते पदराला पुसत होती.

“अण्णा, त्या वहीला हात लावला तर चालंल?”

अण्णांनी अंक टेबलावर उघडून ठेवला आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती बसली. ती तिसरीपर्यंत शिकली होती. नाव शोधायला तिला वेळ लागला. मग बोट ‘बायाक्का’वर येऊन थांबलं.

“आई म्हणायची, एकदा लई मनापास्नं सांगितलं, कुणी ऐकलं न्हाय, म्हणून त्या पायरीवर पुन्यांदा गेले न्हाय. काय सांगितलं ते मला कदी बोलली न्हाय.”

“चूक आमच्या घरची हाय, आक्का,” अण्णा म्हणाले.

तिनं ते ऐकलं की नाही कळलं नाही. ती मान वर करून, चौऱ्याहत्तरचा गठ्ठा इतकी वर्षं होता त्या दारावरच्या रिकाम्या फळीकडं बघत होती.

“बारा वरीस मी ह्येच्याखाली झाडतीया,” ती म्हणाली. “आन् आई वर हुती.”